दीना ओहोळाचा व्हय

दीना ओहोळाला एखाद्याने वाटेत थांबवून "काय रे, तू मेलास म्हणे?" असं विचारलं असतं, तर विचारणाऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तो सायकलवरून उतरून म्हणाला असता, "व्हय, जरासा." असा माणूस. शाळेत मास्तरांनी "खोडी तूच काढलीस ना" म्हटलं की हा व्हय म्हणायचा, छड्या खायचा, आणि खरी खोडी काढणारा मागच्या बाकावर पेरू खात बसायचा. मोठा झाल्यावर त्याने दुधाचा धंदा धरला. बोरखळी आणि तांबेमळा या दोन वस्त्यांचं दूध सायकलच्या दोन बाजूंच्या कॅनमध्ये भरून घोडेगावच्या संकलन केंद्रावर घालायचं. तिथला माणूस गमतीने विचारायचा, पाणी किती घातलंस आज? दुधात थेंबभर पाणी नसायचं. पण समोरचा एवढ्या आशेने विचारतोय म्हटल्यावर दीना म्हणायचा, असंल की थोडं. या 'असंल की'पायी त्याचं चांगलं निरसं दूध एकदा गटारीत ओतलं गेलं, तरी गड्याची खोड जाईना.

लग्नाचं तर विचारूच नका. बोरखळीची वस्ती प्रोटेस्टंट आणि तांबेमळ्याची रोमन कॅथलिक. मध्ये तीन मैलांचं माळरान, एक नाला, आणि दोन्ही बाजूंचा जुना ताठा. दीनाची बायको मरिया तांबेमळ्याची. सोयरीक ठरताना बोरखळीच्या पाळकांनी विचारलं, लग्न आपल्या पद्धतीनं ना? दीना म्हणाला व्हय. तांबेमळ्याच्या फादरांनी विचारलं, लग्न आमच्या पद्धतीनं ना? दीना म्हणाला व्हय. शेवटी त्याचं लग्न सकाळी एकदा लागलं आणि दुपारी एकदा लागलं, आणि दोन्ही वेळा नवरदेवाने न अडखळता व्हय म्हटलं. मरिया तेव्हा हसली होती. तिला वाटलं, काय गुणी नवरा मिळाला.

हसू फार दिवस टिकलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात दीनाच्या थोरल्या भावाचा, छगनचा, उजवा हात खडी फोडताना दगडाखाली सापडला. घरात म्हातारी आई गोजरबाई, छगनची बायको, तीन लेकरं, आणि कमावता एकटा दीना. मरियाला कष्टाचं काही वाटत नव्हतं, पण जाऊबाईशी तिचं पटेना. तिने दीनाला विचारलं, वेगळी चूल मांडायची का न्हाई? दीना म्हणाला, व्हय, सुगी झाली की मांडू. त्याच आठवड्यात गोजरबाईने विचारलं, आपन समदी एकत्रच ऱ्हानार ना रं? दीना म्हणाला, व्हय, म्हंजी काय. मग एके दिवशी सासू-सुना विहिरीवर धुणं धुताना बोलायला लागल्या आणि दोघींनी आपापला व्हय दगडावर आपटला. मरियाने त्याच दुपारी बोचकं बांधलं आणि तांबेमळ्याला आईकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, की मला एक सरळ उत्तर द्या, त्या दिवशी येते.

आता कुणालाही वाटेल की यात अवघड ते काय? उत्तर द्यायचं आणि बायकोला घेऊन यायचं. पण दीनाला विचारा. सरळ उत्तर म्हणजे दोघींपैकी एकीला नाही म्हणायचं, आणि ते म्हणण्यापेक्षा त्याला नांगराला जुंपून घेणं सोपं वाटलं असतं. रोज दूध घ्यायला तांबेमळ्यात जायचा, मरिया दारात दिसायची, विचारायची नाही, नुसती बघायची. हा कॅनचं झाकण उगाच दोनदा लावायचा आणि सायकलवर टांग टाकायचा. रात्री त्याला जेवण गोड लागायचं नाही. बायको हवी होती त्याला, फार हवी होती.

त्यात हे नाटक आलं.

दुष्काळी कामावर दोन्ही वस्त्या एकाच रस्त्याची खडी फोडत होत्या. एका रांगेत बसून एकमेकांची भाकरी खाल्ल्यावर ताठा बराच उतरला. तेव्हाच कुणीतरी बोललं होतं, की देवाने पाऊस दिला तर पुढचा नाताळ एकत्र करू, एकच नाटक बसवू. त्र्याहत्तरला पाऊस झाला, बाजरी घरात आली, आणि बोललेलं अंगावर आलं. नाटक नेहमीचंच, ख्रिस्तजन्माचं. हेरोद राजा आणि त्याचा दरबार बोरखळीचा. देवदूत, मेंढपाळ आणि पूर्वेकडून येणारे तीन मागी, म्हणजे ताऱ्यामागे निघालेले शहाणे लोक, ते तांबेमळ्याचे. तालमी आपापल्या वस्तीत. शेवटी नाल्याकाठच्या मोकळ्या रानात नाताळाच्या दुपारी खेळ, कारण दोन्हीकडच्या गॅसबत्त्या दुष्काळात विकून झाल्या होत्या.

अडचण अशी, की नाटक एक आणि ते सांभाळणारी माणसं दोन.

बोरखळीत अब्राहाम गुरुजी. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. नाटकाची वही त्यांच्याकडे. तिच्यात एकही अक्षर कधी खोडरबराने खोडायचं नाही, असा त्यांचा नेम. वाक्य बदलायचं असेल तर जुन्यावर तांबड्या शाईची एक बारीक रेघ, नव्याची कागदी पट्टी बाजूला खळीने चिकटवायची, आणि पट्टीवर तारीख, सुचवणाऱ्याचं नाव, कारण. वीस वर्षांच्या पट्ट्या चढून ती वही एवढी फुगली होती की बंद करायला वर पाटा ठेवावा लागे. पण कुणी विचारलं, की अमुक वाक्य चार वर्षांपूर्वी काय होतं, तर गुरुजी पट्ट्या उलटत जाऊन नेमकं दाखवायचे. त्यांना त्यात मोठं सुख होतं.

तांबेमळ्यात रंगुबाई. ही दीनाची सासू. तिला अक्षरओळख नाही, आणि त्याचं तिला काडीचं दुःख नाही. तिचं नाटक आढ्याला टांगलेल्या सुंभाच्या दोरीवर. एका प्रवेशाला एक चिंधी, एका वाक्याला एक गाठ. वाक्य काढलं की गाठ सोडायची, घातलं की मारायची. गाठ मारली की सगळ्या मंडळींनी बसून ते वाक्य तोंडात बसेपर्यंत म्हणायचं. आणि एकदा बदललं की जुनं वाक्य मेलं. मेलं म्हणजे, कधी जन्मलंच नव्हतं. तालमीत कुणी चुकून जुनं बोललं तर त्याने चर्चचं अंगण झाडायचं. आणखी एक होतं. रंगुबाई नाटक शेवटाकडून शिकवायची. तिचं म्हणणं, लोकांची सुरुवात पाठ असते आणि शेवटी त-त-प-प होतं, म्हणून शेवट आधी पक्का करावा. त्यामुळे तिच्या दोरीची पहिली चिंधी म्हणजे नाटकाचा शेवटचा प्रवेश.

आणि इकडचे बदल तिकडे, तिकडचे इकडे न्यायला कोण? जो रोज दोन्हीकडे जातो तो. दोन्हीकडून विचारणा झाली, दीना, नेशील ना? त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

सुरुवातीला त्याला हे काम फार आवडलं. रोज सासूच्या ओसरीवर बसायला कारण मिळालं, आणि मरिया त्या नाटकात देवदूत होती. गुरुजींची पट्टी वाचून दाखवायची, सासूबाई गाठ मारायच्या, मरिया समोर बसून ऐकायची. पण उलट्या दिशेने गाडी अडायला लागली. रंगुबाईने नवं वाक्य सांगितलं की गुरुजी विचारायचे, हे कोणत्या वाक्याच्या जागी? रंगुबाई म्हणायची, जागी कसलं, पयल्यापासून आसंच हाय. गुरुजी विचारायचे, कारण काय लिहू? रंगुबाई म्हणायची, कारन म्हंजी? बिनकारणाची पट्टी गुरुजी चिकटवेनात. मग दीना नाल्यात सायकल उभी करून कारणं तयार करायला लागला. "उच्चारास सुलभ." "श्रोत्यांच्या आग्रहास्तव." गुरुजी खूश. म्हणाले, तांबेमळ्याची मंडळी वाटली होती त्यापेक्षा बरीच विचारी दिसतात.

मग झाला पहिला घोटाळा. बोरखळीच्या वहीत दुसरा प्रवेश म्हणजे हेरोदाचा दरबार, आणि त्यातलं तिसरं वाक्य, हेरोद शिपायाला म्हणतो, चिलीम भर रे. गुरुजी व्यसनाच्या विरुद्ध. त्यांनी ते काढलं आणि दीनाजवळ निरोप दिला, दुसऱ्या प्रवेशातलं तिसरं वाक्य रद्द. दीनाने तो निरोप जसाच्या तसा पोचवला. रंगुबाईने दोरी हातात घेतली, दुसरी चिंधी धरली, तिसरी गाठ सोडली. तिची दुसरी चिंधी शेवटाकडून दुसरी, म्हणजे मेंढपाळांची. आणि तिसरी गाठ होती देवदूताच्या वाक्याची: भिऊ नका.

पुढच्या तालमीत मेंढपाळ रानात शेकत बसलेत, एकदम देवदूत येतो, मेंढपाळ घाबरतात. आता देवदूताने त्यांना धीर द्यायचा. पण मरियाला ते वाक्यच उरलं नव्हतं. ती पांढऱ्या लुगड्यात, हात पसरून, गप उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ती बघण्याची तऱ्हा दीनाला ओळखीची होती. मेंढपाळ झालेला गहिनीनाथ थोडा वेळ थांबला, त्याने मरियाकडे पाहिलं, आणि काही इलाज नाही असं दिसल्यावर उठून पळाला. बाकीचे त्याच्या मागे. रंगुबाईला ते फार आवडलं. म्हणाली, खरं हाय, मानूस पळनारच.

दीनाच्या लक्षात चूक आली. सरळ सांगायचं की गुरुजींना चिलीम म्हणायची होती, तुम्ही देवदूताची जीभ कापली. पण सासू एवढी खूश, तिला कसं सांगायचं? म्हणून त्याने बोरखळीत जाऊन सांगितलं, की तांबेमळ्याच्या मते मेंढपाळांनी पळावं. गुरुजींनी चष्मा पुसला, विचार केला आणि पट्टी चिकटवली: "मेंढपाळ पळतात. सुचवणार, तांबेमळा. कारण, स्वाभाविक." मग 'भिऊ नका' गेलं तर कसं चालेल म्हणून दीनाने सासूला सांगितलं, गुरुजी म्हणतात देवदूताला एक वाक्य वाढवा, भिऊ नका. रंगुबाई म्हणाली, चांगलं हाय, आपल्यात आसलं काही नव्हतंच. पण त्या चिंधीत मधे गाठ मारायला जागा नव्हती. तिने ती टोकाला मारली. आता देवदूत यायचा, मेंढपाळ बोंब मारत पळून जायचे, आणि मोकळ्या रानाकडे बघून मरिया शांतपणे म्हणायची, भिऊ नका.

हे सगळं खपून गेलं असतं. खरा पेच मागींच्या उत्तरावर आला.

बाळाच्या जिवावर टपलेला हेरोद राजा तीन मागींना विचारतो, की बाळ सापडलं की परत येऊन मला सांगाल ना? गुरुजींच्या वहीत मागी मान लववून म्हणतात, होय महाराज, परत येऊन सांगू. आणि पुढे सांगत नाहीत, दुसऱ्या वाटेने निघून जातात. रंगुबाईला ते मुळीच पटलं नाही. तिची तीन माणसं, तांबेमळ्याची, येतो म्हणून सांगतात आणि येत नाहीत, म्हणजे लबाड ठरतात. आणि खरंच येऊन सांगितलं तर ओल्या बाळंतिणीची चहाडी होते. तिने गाठ सोडली आणि नवी मारली: न्हाई महाराज, आमी सांगनार न्हाई.

दीनाने हे बोरखळीत नेलं तेव्हा गुरुजी पहिल्यांदाच उठून उभे राहिले. म्हणाले, कारण सांग. दीनाने "उच्चारास सुलभ" म्हणून पाहिलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात जे नाही ते माझ्या वहीत चिकटणार नाही, जाऊन सांग त्यांना, होयच म्हणायचं, कबूल आहे का विचार. दीनाने सासूला विचारलं. सासू म्हणाली, माझ्या वटीवर 'व्हय' म्हननाऱ्या मागीला मी पानी देनार न्हाई, जाऊन सांगा तुमच्या गुरुजीला, कबूल हाय का इचारा. मग आपल्या या शहाण्याने काय करावं? गुरुजींना सांगितलं, सासूबाईंना कबूल आहे. सासूबाईंना सांगितलं, गुरुजींना कबूल आहे. दोघंही म्हणाले, दीना होता म्हणून मिटलं.

ओसरीच्या खांबाला टेकून मरिया हे ऐकत होती. तिने आईला काही सांगितलं नाही. दीना सायकलकडे वळला तेव्हा ती कॅन धरायला बाहेर आली आणि हळू म्हणाली, "नाटकात बी तेच केलंत व्हय?" दीनाने मान हलवली. ती मान व्हयची होती का न्हाईची, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी तो घोडेगावला पोचेपर्यंत सायकलवरून एकटाच स्वतःला शिव्या घालत गेला.

तरी उपाय शोधला पठ्ठ्याने. तिघांच्या वतीने बोलणारा थोरला मागी म्हणजे मच्छिंद्र तोरणे, तांबेमळ्याचाच. त्याला दीनाने बाजूला घेतलं आणि ठरवलं, की हेरोदाने विचारलं की मच्छिंद्रने काही बोलायचंच नाही, जोराचा खोकला काढायचा. वाळवंटातून आलेला म्हातारा मागी, त्याला खोकला असणारच. बोरखळीचे लोक समजतील होय म्हणाला, तांबेमळ्याचे समजतील न्हाई म्हणाला. मच्छिंद्रने खोकल्याची तालीमही केली. चांगला ओला खोकला होता.

नाताळाच्या आदल्या रात्री मच्छिंद्र घरोघर गाणी म्हणत फिरला, आणि सकाळी उठला तो आवाज गेलेला. खोकायला गेला तर नुसती वाफ. दुपारी नाल्याकाठी पाचशे माणूस जमलेलं, बैलगाड्या सोडलेल्या, अलीकडे बोरखळी, पलीकडे तांबेमळा, मध्ये पलंगांच्या फळ्यांचं स्टेज. एका बाजूच्या पडद्याआड गुरुजी वही घेऊन, दुसऱ्या बाजूच्या पडद्याआड रंगुबाई दोरी गळ्यात घालून. रंगुबाईने मच्छिंद्रची दाढी उतरवली आणि दीनाच्या तोंडाला बांधली. दोन्हीकडचं नाटक तोंडपाठ असलेला माणूस जगात एकच होता. ती म्हणाली, जावयबापू, चढता ना? झालं. दीना चढला.

हेरोद झाला होता सत्यवान पैलवान. त्याची ख्याती अशी, की आजवर त्याने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. जरीचा फेटा, कमरेला तलवार, आवाज तर असा की झाडावरचे कावळे उठले. त्याने विचारलं, बाळाचा ठावठिकाणा लागला की परत येऊन मला सांगाल ना? दीना खोकला.

बरा खोकला. सत्यवानला खोकल्याची पट्टी मिळालेली नव्हती. त्याने परत विचारलं. दीना पुन्हा खोकला, जरा लांबवून. सत्यवान मनाने चांगला माणूस, त्याने शिपायाला हुकूम सोडला, अरे, पाहुण्यांना पाणी द्या. शिपाई खाली उतरून बैलगाडीतला तांब्या घेऊन आला. दीनाला दाढी वर करून सगळं पाणी प्यावं लागलं. आता खोकायलाही जागा राहिली नाही. डावीकडून गुरुजी कुजबुजत होते, होय महाराज, होय महाराज, आणि ती कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जात होती. उजवीकडून रंगुबाई कुजबुजतसुद्धा नव्हती, सरळ बोलत होती, न्हाई म्हना, जावयबापू, न्हाई म्हना.

दीनाने वर केलेली दाढी खाली ओढली. त्याने रंगुबाईच्या मागे बघितलं. तिथे मरिया उभी होती, पांढऱ्या लुगड्यात, पाठीला पुठ्ठ्याचे पंख. तिने एकवार त्याच्याकडे पाहिलं, काय होणार ते आपल्याला माहीत आहे अशा चेहऱ्याने पाठ फिरवली, आणि सैल झालेल्या पंखाची दोरी आवळत बसली. चिडली असती तर दीनाला चाललं असतं. पण ती चिडलीसुद्धा नव्हती. तिने त्याचा नाद सोडला होता. हे दीनाला दिसलं.

सत्यवानने तिसऱ्यांदा विचारलं. आता त्याच्या आवाजात काळजी होती.

"न्हाई महाराज," दीना म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही, म्हणून त्याने परत म्हटलं. "न्हाई. आमी परत येनार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो, मागनं आमची वाट बघू नका."

पलीकडच्या काठावर तांबेमळा उभा राहिला. अलीकडे बोरखळी आ वासून बसली. आणि सत्यवान पैलवान, एक शब्द इकडचा तिकडे न करणारा, त्याला पुढचं एकच वाक्य येत होतं. त्याने दीनाच्या खांद्यावर हात ठेवून ते खणखणीत म्हटलं: शाब्बास, विश्वासू माणसांनो, तुमच्या शब्दावर मी प्रसन्न आहे.

मग जो हशा पिकला, त्यात दोन्ही काठ एक झाले. बैल बुजले. फादर आणि पाळक एकाच बाकावर बसले होते, ते एकमेकांच्या अंगावर पडून हसले. नंतर मेंढपाळ पळाले, मरियाने मोकळ्या रानाला भिऊ नका सांगितलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवून ते पुन्हा करायला लावलं. नाटक शेवटापर्यंत तसंच गेलं, आणि लोकांना वाटलं सगळं मुद्दामच बसवलंय.

गुरुजींना तसं वाटलं नाही. खेळ संपल्यावर त्यांनी दीनाला बोलावलं, रंगुबाईलाही बोलावलं. दीनाने दाढी हातात घेऊन सगळं सांगून टाकलं, चिलमीपासून खोकल्यापर्यंत. एकदा न्हाई तोंडातून निघाल्यावर त्याला थांबता येईना. रंगुबाईने विचारलं, गुरुजी कबूल होते का, तर न्हाई. गुरुजींनी विचारलं, तुझ्या सासूबाई कबूल होत्या का, तर न्हाई. तांबेमळ्याने कारणं सांगितली होती का, तर एकही न्हाई. गुरुजींनी वही मिटली. ते रागावले होते हे खरं, पण रंगुबाई त्यांच्या वहीकडे आणि ते तिच्या गळ्यातल्या दोरीकडे बघायला लागले, आणि थोड्या वेळाने दोघं एकमेकांना आपापली रीत समजावून सांगत बसले. दीनाची गरज त्यांना उरली नाही.

तो सायकलीकडे आला तर मरिया तिथे उभी. पंख काढून काखेत धरले होते. लोक गाड्या जुंपत होते. तिने सगळ्यांसमोर विचारलं, आवाज न चढवता, वेगळी चूल मांडायची का न्हाई?

दीनाने हँडल धरलं. व्हय त्याच्या ओठांवर आलाच होता, सवयीने. तो म्हटला की ही आज घरी येणार, हेही त्याला कळत होतं. बायको समोर उभी आहे आणि एका शब्दाचं काम आहे.

"न्हाई," तो म्हणाला. "दादाचा हात बरा होईस्तवर न्हाई मांडनार. बरा झाला न्हाई, तर कधीच न्हाई. तुला सुगीनंतर म्हनलो ते खोटं हुतं."

बोलला आणि मान खाली घातली. गेलं सगळं, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने दाढीने पुसलं.

मरियाने काखेतले पंख सारखे केले. मग मागून येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे वळून तिने सांगितलं, की माझं बोचकं उद्या दुधाबरोबर पाठवून दे, मी निघते. रंगुबाई म्हणाली, आगं, पर त्यो न्हाई म्हनला की.

"ऐकलं मी," मरिया म्हणाली. "आता भांडता येईल. व्हय म्हननाऱ्याशी काय भांडनार, कपाळ?"

ती कॅरिअरवर बसली, पंख मांडीवर घेतले, आणि सायकल नाल्याचा चढ चढायच्या आतच तिने सुरुवात केली, की दादांच्या हाताचं मला कळत न्हाई असं समजलात का, आणि जाऊबाईंनी माझ्या पिठाच्या डब्याला हात का लावावा. दीना पायडल मारत होता आणि मधून मधून, धाप लागलेल्या आवाजात, तिला न्हाई म्हणत होता.